तिसऱ्या मजल्याचा वेग

आमच्या रस्त्यावर मेडिकलच्या शटरपासून विजेच्या डीपीपर्यंत बरोबर पन्नास मीटर भरतात. हे मला माहीत असायचं तसं काही कारण नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात एका रात्री शेजारचे काका आणि मी टेप घेऊन खाली उतरलो, दोन ठिकाणी खडूने आडव्या रेघा मारल्या आणि डीपीशेजारच्या कट्ट्यावर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. काका एसटीत ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या काचेच्या कपाटात अजून आहे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाबद्दल त्यांना एक मत आहे.

हिशेब सोपा. दोन रेघांमधलं अंतर कापायला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर. ३.६ सेकंद लागले तर ५०. तीन लागले तर ६०. पुण्यात ‘गाडी’ म्हणजे दुचाकी, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. तर साडेदहानंतर आलेल्या गाड्यांपैकी सहा सेकंद घेणारी एकच मला आठवते. तिच्यावर मागे बाई बसल्या होत्या आणि बाईंच्या मांडीवर कलिंगड होतं. पाठीवर जेवणाची चौकोनी बॅग लावलेला मुलगा साडेतीनच्या आत गेला. एक पांढरी कार तीनच्या आत गेली. तिचे ब्रेकचे लाल दिवे पुढच्या वळणावर दिसले. सगळ्यांचे चेहरे शांत होते. कुणी बेफाम नव्हतं, कुणी शर्यत लावलेली नव्हती.

“रस्ता मोकळा दिसला की माणूस पिळतोच,” काका म्हणाले. “त्याला कुणी सांगावं लागत नाही. रस्ताच सांगतो.”

टेप घेऊन उतरण्याचं कारण माझी आई. त्याच्या चार महिने आधी ती समोरच्या भाजीवालीकडून मेथीची जुडी घेऊन परत येत होती. रस्त्याच्या मधोमध असताना डावीकडून स्कूटर आली. चालवणारा कॉलेजातला मुलगा. दारू नाही, कानाला फोन नाही, लायसन्स खिशात. “काका, मी चाळीसनेच होतो हो,” असं तो हॉस्पिटलच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि मला ते खरं वाटलं. आईचा खुबा मोडला. मुलाच्या वडिलांनी पैसे देऊ केले, आम्ही घेतले नाहीत. तक्रारही दिली नाही. म्हणजे सरकारी आकडेवारीत आईची नोंद नाही. अशा नोंद नसलेल्या आया, मावश्या आणि आजोबा प्रत्येक सोसायटीत एक-दोन तरी निघतील.

‘चाळीसनेच’ हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. त्यातला ‘च’ विशेष.

*

आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही, त्यामुळे मजले आमच्या पायांना ठाऊक आहेत. वेगाचं मोजमाप मजल्यांत करून बघावं. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं साधं सूत्र आहे: किती उंचीवरून पडलं की वस्तू जमिनीवर किती वेगाने आपटते. ताशी ३० किलोमीटरने आपटायचं तर साधारण साडेतीन मीटरवरून पडावं लागतं. म्हणजे पहिल्या मजल्याची गॅलरी. ४० ला सहा मीटरच्या थोडं वर, म्हणजे दुसरा मजला. ५० ला जवळजवळ दहा मीटर, तिसरा मजला. ७० ला एकोणीस मीटर, सहावा.

स्पीडोमीटरचा काटा तीसवरून पन्नासवर जातो तेव्हा चालवणाऱ्याला वीसचाच फरक दिसतो. पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती पावणेतीनपटीच्या वर जाते. हे काट्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

उपमेची मर्यादाही सांगायला हवी. गाडीची धडक आणि फरशीवर पडणं एकच नाही. माणूस बॉनेटवर वळतो, काही मार तिथे विखुरतो. पादचाऱ्याला ५०च्या धडकेत मरणाची किती शक्यता, याचे पूर्वी फार मोठे आकडे सांगितले जात. जुन्या अभ्यासांत गंभीर अपघातच जास्त नोंदले गेले होते, त्यामुळे ते फुगले होते. २००९मध्ये रोझेन आणि सँडर या दोन संशोधकांनी जर्मनीतल्या अपघातांच्या नोंदी त्या दृष्टीने पुन्हा तपासल्या आणि धोका पूर्वी सांगत तेवढा नाही असं दाखवलं. पण त्याच नोंदींतून हेही निघालं की ५०च्या धडकेत मरण्याचा धोका ३०च्या पाचपटीहून जास्त आहे आणि ४०च्या दुपटीहून. आकडे खाली आले, चढ तसाच राहिला.

हे झालं धडक बसल्यावरचं. त्याच्या आधीचा एक सेकंद मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समोर पोर आलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. काकांच्या मते चांगल्या ड्रायव्हरचाही जातो, “फक्त त्याला ते माहीत असतं.” ताशी ३०ने जाणारी कार त्या एका सेकंदात आठ मीटर जाते, मग कोरड्या डांबरावर पाच मीटरमध्ये थांबते. एकूण तेरा-साडेतेरा मीटर. ताशी ५०ने जाणारी कार त्या पहिल्या सेकंदातच चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे जिथे पहिली कार थांबून उभी आहे, त्या जागेवर दुसऱ्या कारचा ब्रेक अजून लागलेलाच नाही. ती त्या पोराला पूर्ण पन्नासने लागते. ड्रायव्हर तितकाच सावध, ब्रेक तितकेच नवे, पोर तेच. मी हे गणित तीनदा केलं, कारण पटेना.

*

आता कायदा. आमच्या रस्त्यावर वेगमर्यादेचा फलक नाही. ‘वाहने सावकाश हाका’ आहे, त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. फलक नसेल तिथे कोणती मर्यादा, हे मी ओळखीच्या दहा जणांना विचारलं. बहुतेकांनी तीस, चाळीस असं काहीतरी सांगितलं. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला कमाल ७०, दुचाकीला ६०, तीनचाकीला ५०. म्हणजे त्या मुलाची स्कूटर कायद्यापेक्षा वीसने हळू चालली होती. त्याचा ‘च’ बरोबर होता. मोटार वाहन कायद्याच्या ११२व्या कलमाने राज्याला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना ठरावीक रस्त्यावर याहून कमी मर्यादा लावता येते आणि पोलीस तशी लावतातही; पण मुळात धरलेला आकडा सहाव्या मजल्याचा आहे.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. महाराष्ट्रात १५,२२४, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या खालोखाल. मेलेल्यांत दुचाकीवरचे जवळजवळ ४५ टक्के आणि पायी चालणारे १९-२० टक्के. सरकारी अहवाल सांगतो की यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाने झाले. मला हा रकाना थोडा सोयीचा वाटतो. अतिवेग म्हटलं की चालवणारा दोषी ठरतो आणि फाइल बंद होते. त्या जागी रस्ता किती रुंद होता, झेब्रा होता का, दिवा चालू होता का, हे विचारावं लागत नाही. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन हयातभर हेच सांगत होते, की ड्रायव्हरच्या चारित्र्यावर सगळं ढकलून मृत्यू कमी होत नाहीत, रस्ता बदलावा लागतो. आपण मात्र ‘अति घाई संकटात नेई’ रंगवून मोकळे होतो. यमक उत्तम आहे.

आणि याच शहरात वाहतूक इतकी मंद आहे की जगभर नाव निघावं. टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या क्रमवारीत पुणे जगातलं चौथं संथ शहर होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी १८. सरासरी १८ असलेल्या गावात माणसं वेगाने मरतात, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. ते रात्री कट्ट्यावर बसल्यावर सुटलं. सरासरीत सिग्नलला उभं राहणं असतं, खड्डे असतात, राँग साइडने आलेला टेम्पो असतो. मारतो तो मधला तुकडा: सिग्नल सुटल्यापासून पुढचा लाल दिसेपर्यंतचे तीनशे मीटर, किंवा रात्री साडेदहानंतरचं सगळं शहर. त्या तुकड्यात घेतलेल्या साठमुळे माणूस लवकर पोचत नाही. कट मारून पुढे गेलेला गाडीवाला पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारीच उभा असतो, हेल्मेट हँडलला लटकवून.

म्हणूनच ३०ची मर्यादा म्हटल्यावर “मग काय बैलगाडीने जायचं का?” असं कुणी विचारलं की मला गंमत वाटते. पाच किलोमीटर न थांबता ५०ने गेलं तर सहा मिनिटं, ३०ने गेलं तर दहा. जास्तीत जास्त चार मिनिटांचा सौदा, आणि तोही न थांबता जाता आलं तर. बैलगाडीच्या जवळ आपण आधीच आहोत.

*

हे सगळं करून बसलेली गावं आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १ सप्टेंबर १९९२ला मोठे रस्ते ५०वर ठेवून बाकी सगळ्या रस्त्यांवर ३० लावलं; युरोपात अख्ख्या शहराने असं करण्याची ती पहिली वेळ. १९९७मध्ये स्वीडनच्या संसदेने ठरवलं की रस्त्यावरचा मृत्यू ही प्रगतीची किंमत म्हणून मान्य करायची नाही. ब्रसेल्सने २०२१च्या १ जानेवारीला, पॅरिसने त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस तीसची वाट धरली. स्पेनने त्या मे महिन्यात एकेरी मार्गिकेच्या शहरी रस्त्यांना देशभर ३० लावलं. यादी लांबवता येईल, पण थांबावं असं गाव हेलसिंकी आहे.

फिनलंडची ही राजधानी सात लाखांच्या आत-बाहेरची; आपल्याकडच्या मध्यम शहराएवढी. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथे वर्षाला तीसेक माणसं रस्त्यावर मरत. २०२५च्या जुलैअखेरीस तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की गेल्या बारा महिन्यांत शहरात एकही माणूस वाहतुकीत मेलेला नाही. शेवटचा मृत्यू जुलै २०२४मधला, पूर्वेकडच्या कोंतुला भागातला. तो कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात झाला हे सांगता येतं, यातच बरंच आलं. पुण्यात आणि मुंबईत प्रत्येकी वर्षाला तीनशेच्या वर माणसं जातात. त्यातला शेवटचा कुठला, हे सांगेपर्यंत पुढचा झालेला असतो. लोकसंख्येचा फरक धरूनही शून्य हे शून्यच.

त्यांनी काय केलं? पन्नास वर्षांपूर्वी तिथेही बहुतेक रस्त्यांवर ५० होती. मग टप्प्याटप्प्याने मध्यवस्ती, वस्त्यांमधले रस्ते, शाळांचा परिसर असं करत आज निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० आहे. पण नुसते फलक बदलून ते थांबले नाहीत. गाड्यांची जागा अरुंद केली, कडेला झाडं आणली, पादचाऱ्यांच्या पट्ट्या उचलून घेतल्या, ट्राम आणि बस अशा चालवल्या की कार काढावीशीच वाटू नये, आणि कॅमेरे लावले. अरुंद रस्त्यावर झाडांमधून जाताना माणूस आपोआप हळू होतो. काका म्हणतात तेच, उलट बाजूने: रस्ताच सांगतो.

एका गोष्टीचा मला हेवा वाटला. फिनलंडमध्ये रस्त्यावरच्या प्रत्येक प्राणघातक अपघाताचा तपास एक पथक करतं. त्यात पोलीस असतो, वाहनांचा जाणकार, रस्त्यांचा जाणकार, डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांचं काम गुन्हेगार ठरवणं नाही. हे पुन्हा कसं होणार नाही, ते सांगणं. आपल्या पंचनाम्यात रस्त्याच्या इंजिनिअरची सही कुठे लागते?

त्यांचा दंड उत्पन्नावर ठरतो, हे खमंग म्हणून सगळीकडे छापून येतं. २०२३मध्ये ऑलंड बेटावर ५०च्या टापूत ८२ने जाणाऱ्या एका श्रीमंत उद्योजकाला १,२१,००० युरो भरावे लागले. आपल्याकडे हलक्या वाहनाला हजार ते दोन हजार. त्यातही चलान मोबाइलवर पडतं, माणूस ते बघतो आणि म्हणतो, लोकअदालतीत मिटवू.

*

विरोध होतच नाही असं मात्र नाही. वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ला वस्तीतल्या रस्त्यांची मर्यादा ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे आपल्या ३२ किलोमीटरवर आणली. त्याविरुद्धच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या. एकतीस लाखांच्या देशात! वेल्सच्या संसदेत इतक्या सह्यांचा अर्ज पूर्वी कधी आलेला नव्हता. फलकांवर रंग फासले गेले, वाहतुकीचं काम बघणारे उपमंत्री ली वॉटर्स यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. पुढे काही रस्ते पुन्हा ३०वर नेण्याची वाट सरकारला मोकळी करावी लागली.

मला यात सरकारची चूकही दिसते. सगळे रस्ते एका रात्रीत बदलले आणि कुठे सूट द्यायची ते स्थानिकांवर सोडलं. काही रुंद, ओसाड रस्त्यांवर २०चा फलक हास्यास्पद दिसला असणार. रस्त्याचं रूप एक सांगतं आणि फलक दुसरंच, तेव्हा लोक फलकावर चिडतात. पण निकाल सांगायला हवा. प्रत्यक्ष वेग दहा मैलांनी नाही, तीन-चार मैलांनीच उतरला. आणि तेवढ्याने त्या रस्त्यांवरचे मृत आणि जखमी मिळून एक चतुर्थांशाच्या आसपास कमी झाले. स्वीडनच्या नील्सन यांनी पूर्वीच मांडलेला ठोकताळा असा, की सरासरी वेग एक टक्क्याने उतरला की मृत्यू साधारण चार टक्क्यांनी उतरतात. थोडक्यात, सगळ्यांनी मर्यादा पाळायची गरज नसते. सगळ्यांनी जरा कमी मोडली तरी माणसं वाचतात. आपल्या स्वभावाला हे फार जमण्यासारखं आहे.

युरोपची उदाहरणं दिली की “तिकडचं वेगळं” हे उत्तर ठरलेलं. मग कोलंबियातलं बोगोता घ्यावं. ऐंशी लाखांच्या घरातली वस्ती, मोटरसायकलींचा सुळसुळाट, बसमध्ये लोंबकळणारी माणसं. तिथे २०१८पासून मोठ्या हमरस्त्यांवर ६०ची मर्यादा ५०वर आणली, कॅमेरे लावले, आणि आधी निवडलेल्या रस्त्यांवर मृत्यू पाचव्या हिश्शाने घटले. तीस नाही, नुसतं साठवरून पन्नास.

*

आपल्याकडचा उपाय म्हणजे स्पीडब्रेकर. कुणीतरी मेल्यावर, रातोरात, नगरसेवकाच्या फोनवर. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८मध्येच गतिरोधकाचं माप घालून दिलं: प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर लांब, दहा सेंटिमीटर उंच, वरून सतरा मीटर त्रिज्येचा गोलावा. अशा उंचवट्यावरून २५च्या वेगाने गाडी अलगद जाते आणि पन्नासने आलेली उडते. हे माप मी आमच्या भागातल्या चार स्पीडब्रेकरांना लावून पाहिलं. एकही बसला नाही. एक तर हातभर रुंदीचा, वीतभर उंच, पट्टे न मारलेला डांबराचा बांध आहे. त्याने वेग मोडत नाही, मणका मोडतो. रात्री नवखा माणूस त्यावर पडतो, दोन महिन्यांनी तो उखडला जातो, आणि स्पीडब्रेकर वाईट असतात असा निष्कर्ष निघतो.

रस्त्याचं रूप बदलायचा प्रयत्न पुण्याने केलाच नाही असं नाही. २०१६मध्ये महापालिकेने रस्ते-आराखड्याची तत्त्वं स्वीकारली, जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ ऐसपैस केले. हा तोच रस्ता, जो १९७०च्या दशकात रेकाँडो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि पुढे कितीतरी वर्षं खड्डा म्हणून पडला नाही. त्या फूटपाथवर आज बसायला बाकं आहेत, पोरं झोके घेतात. गाड्यांची जागा आवळली गेली म्हणून तेव्हा ओरड झाली. पण असे रस्ते बोटांवर मोजण्याएवढे. बाकी शहरात ‘विकास’ म्हणजे काँक्रीट, आणि काँक्रीट म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत सपाट, गुळगुळीत पट्टी. पावसाळ्यात आपण खड्ड्यांना शिव्या देतो. आमच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना तेच काय ते गतिरोधक होते.

आणि मामा? वाहतूक पोलिसांना दोष देणं सोपं आहे. स्पीडगन लावलेली इंटरसेप्टर गाडी बायपासवर उभी असते, तिथे ती हवीच. ती आमच्या गल्लीत येणार नाही, येऊही नये. दर पन्नास मीटरला मामा उभा करता येत नाही. दर शंभर मीटरला नीट मापाचा उंचवटा बांधता येतो आणि तो जेवायला जात नाही.

*

दसऱ्याच्या आधी आमचा रस्ता काँक्रीटचा झाला. काम चांगलं झालं, हे कबूल करायला हवं. उंचसखल गेलं, दुचाक्यांचा खडखडाट गेला, मेडिकलवाल्याच्या दारातलं तळंही गेलं. दोन्ही खडूच्या रेघाही गेल्या. काकांनी पुन्हा टेप लावून नव्या मारल्या, या वेळी पांढऱ्या ऑइलपेंटने. दोन रात्री आम्ही बसलो. आता तीन सेकंदांच्या आतल्या गाड्यांना काका वर बघतही नाहीत. पट्टे मारायचे राहिलेत. स्पीडब्रेकरसाठी अर्ज दिलाय, सोबत मापाचं चित्र जोडलंय.

आई आता वॉकरवर चालते. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं आहे, आणि तिला पलीकडे भाजीवालीपाशीच जायचं असतं. परवा ती निघाली तेव्हा काका तिच्या उजव्या हाताला, गाड्या येतात त्या बाजूला, आणि मी मागे. का कुणास ठाऊक, मी खिशातला मोबाइल काढून स्टॉपवॉच सुरू केलं. वॉकर उचल, टेक, एक पाऊल. वॉकर उचल, टेक. मध्येच तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“माझाही वेग मोजतोयस का रे?”

पलीकडच्या कडेला पोचली तेव्हा अठरा सेकंद झाले होते. अठरा सेकंदांत पन्नासने येणारी गाडी अडीचशे मीटर येते. आमच्या रस्त्यावर डीपीच्या पुढे सव्वाशे मीटरवर वळण आहे. त्यापलीकडचं काही दिसत नाही. भाजीवालीने तिला स्टूल दिलं. मेथी नव्हती, आईने चाकवत घेतला आणि परत यायच्या आधी जरा बसते म्हणाली.